दादाची चूक उसवू नये

मी, खाली सही करणारी, शिक्षणाने कापड-अभियंता, सध्या हातमागावर विणणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाल्या, "काळजी नको." गिरणीत नोकरीला होते तेव्हा असं म्हणणाऱ्यांचं यंत्र मी आधी तपासायचे.

१. बँकेतली शिल्लक आईला. ती दादाच्या दुकानात घालू नये.

२. माझे कपडे, ठिगळांसकट, आत्याला. रफू तिनेच शिकवलं. "टाका दिसला तर दिसू दे. फाटलं होतं हे काय खोटं आहे?" असं ती म्हणते.

३. मागावर आईसाठी विणायला घेतलेली शाल अर्धी झाली आहे. दादाचं स्वस्त कपड्यांचं दुकान आहे. तिथला शर्ट दोन धुण्यांत मान टाकतो. एकदा तो गंमत म्हणून मागावर बसला आणि पायाखालची भलतीच पट्टी दाबून नक्षीत एक वाकडी ओळ पाडून गेला. मी ती उसवणार होते. त्याआधीच त्याने न विचारता फोटो काढला. "अगं, एका शालीला सहा महिने? वेडी आहेस का! आठवड्यात अशा हजार छापून काढतो." काढल्या. प्रत्येक शालीवर वीतभर अंतराने दादाची चूक छापलेली. गिऱ्हाइकांना वाटलं, फॅशन आहे. आत्या म्हणाली, "बाई गं, पोराने सहीच केली की!" महिन्याभरात त्या शालींची फडकी झाली. तेव्हापासून आम्ही दोघं बोलत नाही.

४. तरीही माग आणि शाल दादालाच. अट अशी की उरलेली शाल त्याने स्वतः, आत्याच्या देखरेखीखाली विणावी. पुरी होईपर्यंत मागावरून कापू नये. फोटो काढू नये. जुनी ओळ उसवू नये. मागावर पडलेली ती एकच आहे, बाकीच्या छापलेल्या. नव्या चुका झाल्यास त्याही राहू द्याव्यात. नंतर शाल आईच्या खांद्यावर त्यानेच घालावी.

५. मी घरी परत आले तर कलम चार सोडून बाकी सगळं रद्द. काही महिने मला हातांवर जोर देता येणार नाही. मी शेजारी बसेन. दादा, मी सांगेन तीच पट्टी दाबायची.

लिहून देणार: धाकटी (सही)

साक्षीदार:
रफूवाले काका (सही)
खालच्या मजल्यावरच्या नर्सताई (सही करताना म्हणाल्या, "पाचवं कलम आधी लिहायचं होतंस.")

स्थळ: मागाची खोली
दिनांक: रविवार, ऑपरेशनचा आदला दिवस