मानाचा कासरा

आबा, काल कपाट आवरताना पोळ्याचा तो फोटो सापडला, म्हणून लिहायला बसलोय. इंग्लंडचा लॉर्ड आपल्या बैलजोडीचा कासरा दोन बोटांत धरून उभा आहे, नाक मुरडून, आणि शेजारी तुम्ही फेटा बांधून असे फुलला आहात जणू मोठ्या घरची सोयरीक जमली.

मसाल्याच्या कंपनीचा मालक म्हणून तो आपल्या डोंगरकडा गावाकडची हळद बघायला आला होता. मी नुकताच बी.ए. झालेलो, म्हणून दुभाषा मी. जीपमध्ये त्यानं मला आपलं चरित्र ऐकवलं. पणजोबानं फौजेला कापड पुरवलं, त्याबद्दल लॉर्डकी मिळाली. मग आजोबा लॉर्ड, बाप लॉर्ड, बाप गेल्यावर हा. कंपनीही बापाचीच. पार्लमेंटात बसायला कुणाकडं मतं मागावी लागत नाहीत, हे सांगताना तो जांभई देत होता. साठ वर्षांत स्वतः काय केलं म्हणाल, तर जन्माला आला. उभ्या पिकात हळदीचं पान हातात दिलं तर विचारतो, पिवळं कुठं आहे? मला त्याची शिसारी आली. तुम्हाला मात्र भरून आलं. "म्हंजे त्यो बी तिकडला पाटीलच व्हय की!" म्हणालात. पाटीलकी कायद्यानं जाऊन जमाना झाला होता, तरी माझ्या आजोबांच्या नावावर फेटा बांधून मिरवायचं सोडून तुम्ही तरी दुसरं काय केलंत?

पोळ्याला मानाची जोडी पहिली तोरणाखालून जाते आणि आपल्याकडं तिचा कासरा सालगड्याच्या हातात असतो. वर्षभर ज्यानं बैलांचं शेणमूत काढलं, त्याचा तो एक दिवस. आपले सालगडी, ज्यांना मी काका म्हणायचो, नवं धोतर नेसून जोडीपाशी उभे होते. तुम्ही मला म्हणालात, "साहेबाला इचार, कासरा धरतेत का." मी विचारलं, तुम्हाला उत्तर सांगितलं, आणि तुम्ही काकांपुढं हात केलात.

"दे इकडं. साहेब मागून राहिले."

"पाटील, बैलं बुजतील."

"दे म्हणलं ना!"

काकांनी दिला. फोटो निघाला. चार पावलांत लॉर्डानं कासरा सोडला, रुमालाला हात पुसले आणि जीपमध्ये जाऊन बसला. संध्याकाळी आईनं पुरणपोळीचं पहिलं ताट काकांसाठी वाढलं, ते तसंच राहिलं. काका सिद्धेश्वरला बहिणीकडं गेले, ते पुन्हा आले नाहीत.

पुढं पेपरात आलं की तिकडं वारशानं बसणाऱ्या बहुतेक लॉर्डांना पार्लमेंटातून घरी पाठवलं. मी मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही जाईपर्यंत एकच विचारत राहिलात, "काहून गेला रे आपला गडी? मी काय कासरा माझ्या मनानं घेतला व्हता? साहेबानंच मागितला न्हाई का?" आणि मी दरवेळी म्हणायचो, "व्हय आबा."

त्यानं मागितला नव्हता, आबा. तो म्हणाला होता, ज्याच्या हातात आहे त्यालाच नेऊ द्या, बैल त्याला ओळखतात. उभ्या जन्मात तेवढंच एक शहाण्यासारखं बोलला असेल. मी त्याला सांगितलं, नाही म्हणालात तर गावाचा अपमान होईल. तुम्हाला सांगितलं, साहेब कासरा मागतायत. लॉर्डाबरोबरचा फोटो मलाच हवा होता. तुमच्या पलीकडं दात काढून उभा आहे, तो मीच.

आता फाडायला घेतला होता. नाही फाडला. हे पत्र त्याच्या मागं सरकवून कपाट लावून घेतोय.