साचा बदलायचा

४ ऑगस्ट २०१४
आमचा मॅनेजर दीपेश म्हणाला, "नूर मॅडम, पत्रांचं टेम्प्लेट इंजिन तुम्हीच ठरवा. जुनं वेलोसिटी ठेवायचं की नवं थायमलीफ घ्यायचं." आणि लगेच — "जुनं राहिलं तर तुम्हीही राहाल हां! ते दुसऱ्या कुणाला येतंय?"

तो हसला. मला हसू आलं नाही. माझा राजीनामा मे महिन्यापासून त्याच्या खणात पडून आहे. श्रीवर्धनला आपा, माझी थोरली बहीण, एकटी. रोज विचारते, "नूर, कधी येतेस?"

सुटायचं तर थायमलीफ, ते कुणालाही शिकता येतं. दुसरा रस्ता नाही.

७ ऑगस्ट
चूक माझीच. साचा म्हणजे नुसता साचा हवा — नाव, कंटेनर नंबर, तारीख येऊन बसायला मोकळ्या जागा. मी त्यात माणसं भरली! न्हावा शेवा बंदरातल्या पार्ट्यांना, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांना, जाणारं प्रत्येक पत्र त्यातूनच निघतं. तुळशीरामशेठना मोतीबिंदू, म्हणून त्यांचं पत्र मोठ्या अक्षरात. जमालभाईंना आधी सलाम, मग काम. आठ वर्षांत असे एकेचाळीस नियम, नोंद कुठेच नाही. शाळेत सिस्टर सांगायच्या, पत्र माणसाला लिहायचं, पत्त्याला नाही. मी ऐकलं — आणि अडकले.

माझ्या हाताखालच्या निशाने साचा वाचून कपाळाला हात लावला. "मॅडम, ही माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर आहे की प्रेमपत्र?"

८ ऑगस्ट
नियम उतरवून काढतेय. नऊ झाले. मान आखडली.

१३ ऑगस्ट
तुळशीरामशेठच्या घरी फोन केला. सून म्हणाली, "मामांचं आपरेशन कवाच झालं! सगलं मोबाईलवर बघतान. कागद नाय लागत आता."

नियम खोडला. बरं वाटायला हवं होतं.

२० ऑगस्ट
निशाने थायमलीफमध्ये पहिलं पत्र बनवलं. फाइल सरळ ब्राउझरमध्ये उघडते, सर्व्हरही चालू करावा लागत नाही. दोन मुलांचे डबे करून आलेली ती बाई, गुणगुणत काम करत होती! एरवी "मॅडम, जरा इकडे या ना" — दिवसातून दहा वेळा. आज एकदाही हाक नाही. मी दोनदा उगाच तिच्या टेबलापाशी जाऊन आले.

दीपेश म्हणाला, "परवा लिहून द्या. मग तुम्ही मोकळ्या."

आपाने माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली.

२२ ऑगस्ट
लिहून दिलं — वेलोसिटीच ठेवू या. कारण: बदलात धोका.

आपाचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.