तीस दाब, दोन श्वास आणि माझी उशी

सोमवार, ४ मार्च
छापखान्यात आजपासून सीपीआरचं ट्रेनिंग. बंद पडलेलं हृदय हाताने कसं चालवायचं म्हणे. शिकवायला एक सिस्टर आलीय. वय पंचवीस, आवाज भोंग्याचा. बाइंडिंग हॉलमध्ये सतरंजीवर रबरी पुतळा. छातीवर तीस दाब, मग तोंडाने दोन श्वास. दाब नीट बसला की पुतळ्याच्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. शेवटी परीक्षा. पहिला येईल त्याला प्रथमोपचार प्रमुखाचा बिल्ला. मी एकोणीस वर्षं सुपरवायझर. बिल्ला कोणाचा, हे वेगळं सांगायला हवं?

मंगळवार, ५ मार्च
पुतळा डिफेक्टिव्ह आहे. माणुसकी म्हणून मी माझ्या खुर्चीतली उशी त्याच्या डोक्याखाली दिली. बायकोने शिवलेली, चांगली जाड. दोनदा फुंकलं, छाती ढिम्म हलली नाही. सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाली, उशीने मान पुढे वाकते, घसा बंद होतो. डोकं मागे करा, हनुवटी वर. मी म्हटलं, माणूस उशीवरच झोपतो. म्हणाली, हा झोपलेला नाहीये. उद्धट कार्टी!
दिवाही लागला नाही. पाच सेंटिमीटर खोल दाबा म्हणते. माणूस आहे का गादी?

गुरुवार, ७ मार्च, दुपारी
आज कहर झाला. झाडलोटवाल्या मावशीचा दिवा तिसाच्या तीस दाबांना हिरवा. कोपर ताठ, मोठमोठ्याने आकडे. सिस्टर कौतुकाने म्हणाली, दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ देताय, तेच पुष्कळांना जमत नाही. 'पुष्कळांना' म्हणताना माझ्याकडे बघितलं. मावशी हसली. हसू दे. उद्या जिना नीट झाडलाय का ते बघतो.
दोन जिने चढताना धाप लागली. संतापाने.

सोमवार, ११ मार्च
परीक्षा. बिल्ला मावशीला. मी नापास. साहेबांना तीन पानी तक्रार दिली: पुतळा खराब, सिस्टर पक्षपाती, मावशी आडदांड. साहेबांनी न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकली. सगळे एकाच माळेचे मणी.
छाती भरल्यासारखी वाटते. अ‍ॅसिडिटी. बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. म्हटलं, तू पण सिस्टरला सामील?

बुधवार, १३ मार्च
स्वतःच सूचना टाइप करून कटिंग मशीनशेजारी लावली: 'बेशुद्ध माणसाच्या डोक्याखाली उशी द्यावी. छाती हळुवार चोळावी. हुकमावरून, सुपरवायझर.' मावशीने भिंत पुसताना काढली. मी परत लावली, चारी बाजूंनी टेप मारून. आता काढून दाखव म्हणावं.
डावा हात जड झालाय. टेप ताणूनच.

शुक्रवार, २२ मार्च, हॉस्पिटल
खोकलं की जीव जातो. चौदा तारखेला कटिंग मशीनसमोर कोसळलो म्हणे. मला काही आठवत नाही. कटरवाल्याने सूचना वाचली, माझीच उशी माझ्या डोक्याखाली दिली आणि छाती चोळत बसला. हुकूम तंतोतंत पाळला, गाढवाने. मावशी हॉलच्या त्या टोकाकडून धावत आल्या, उशी खेचून भिरकावली आणि दाबायला लागल्या. अँब्युलन्स येईपर्यंत अकरा मिनिटं. श्वासही त्यांनीच दिले.
तीन बरगड्यांना तडे. डॉक्टरांना म्हटलं, बघा, मी लेखी कळवलं होतं, बाई आडदांड आहे. डॉक्टर म्हणाले, बरगड्या जुळतील. आणि निघून गेले.
बायको मावशींच्या गळ्यात पडून रडली. मग मला म्हणाली, त्या नसत्या तर मी काय केलं असतं, सांगा ना.

सोमवार, २५ मार्च
साहेबांनी घटनेचा फॉर्म पाठवला. असले फॉर्म सुपरवायझरनेच भरायचे, हा नियम मीच केलेला. 'उपचारात कोणाची चूक झाली?' लिहिलं, सूचना लावणाऱ्याची. 'रुग्ण वाचला का?' पुढे दोन चौकोन. 'हो'वर खूण केली. सही केली.
संध्याकाळी बायकोने माझी उशी आणून दिली. डोक्याखाली घ्यायची भीती वाटली. पायाशी ठेवलीय.