आईच्या खोलीची जमीन

बाबा, तुम्ही गेल्यावर गाझियाबादच्या घरावर आईसाठी एक खोली चढवली. खालच्या विटांच्या भिंती जुन्या, स्लॅबचं ओझं त्यांना झेपणार नाही असं इंजिनिअर म्हणाले, म्हणून लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर प्लायवुडची जमीन असं ठरलं. ठेकेदार दोन-दोन फुटांवर पाइप टाकून वर अठरा एमएमचं प्लाय ठोकणार होता. "मॅडम, बिल्कुल चलेगा, सब यही डालते हैं." मी मान डोलावली. तुमची मुलगी असून.

तुम्ही सरकारी बांधकामांवर ओव्हरसीअर होतात. आपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा दहावीच्या सुट्टीत एकदा मला कामावर नेलंत. परांचीची एक फळी पायाखाली लचकत होती आणि तुम्ही ती काढायला लावत होता. मला घरी जायची घाई. "चालेल की, बाबा," मी म्हटलं. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्याकडे वळलात. "वर चढणारा माणूस तुझ्या ओळखीचा नाही, म्हणून चालेल?" परतताना बसमध्ये मी तुमच्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसले.

प्लाय ठोकून झालं आणि मी वर जाऊन आले. खोलीच्या मधोमध जमीन किंचित दबत होती. मग खाली स्वयंपाकघरात कामगारांचं प्रत्येक पाऊल ऐकू यायला लागलं. पोळी तव्यावर करपते आणि मी छताकडे बघत उभी. दोन दिवस असे काढले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "भैया, सब उठाइए."

"शक क्यों कर रही हैं, मॅडम?" ठेकेदार चिडला. पण पहिलाच तुकडा उचलला तर दोन प्लायचा जोड कुठल्याच पाइपावर नव्हता, नुसता अधांतरी. बरोबर तिथेच आईचा पलंग येणार होता. तो हळूच म्हणाला, "गलती हो गई." आता फुटाफुटावर पाइप आहेत, प्लाय पंचवीस एमएमचं, आणि प्रत्येक जोड पाइपावर. चार माणसं एकदम चालवून पाहिली. जमीन हलली नाही.

काल आई पहिल्यांदा वर आली. दारातच थांबली. "पक्कं आहे ना गं?"

"बाबांनी सांगितलेल्या मापाने केलंय," मी बोलून गेले.

ती लगेच आत गेली, भिंतीला हातही न लावता. हा कागद तिच्या हाती लागू देणार नाही. तुम्ही मला कुठलंच माप सांगितलं नव्हतंत, बाबा. मी कधी विचारलंच नाही.