शंकरपटाचं हलकं जू

बाबा, मोडलेल्या त्या जुवाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोललो नाही.

मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात होतो आणि मला जगातलं सगळं कळत होतं. सुट्टीत दर्यापूरला आलो, तेव्हा तुम्ही शंकरपटाच्या एका जोडीसाठी तिवसाच्या लाकडाचं जू तासत होतात. शर्यतीच्या बैलांच्या मानेवर वजन नको, म्हणून गिऱ्हाइकाला ते होईल तितकं हलकं हवं होतं. मी लगेच वही काढली. म्हटलं, ज्या लाकडावर ताण कमी, ते बसून खातंय. ते काढत जायचं. कडेवर सगळीकडे ताण सारखा आला, इकडचं लाकूड तिकडे नेऊनही फायदा उरला नाही, की तो आकार सर्वोत्तम. तुम्ही वाकस थांबवून सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "दोनी बैल सारखेच ओढतीन, हे बैलाइले सांगतलं काय?" मी इतका हसलो की आईनं आतून डोकावून पाहिलं. तरी तुम्ही माझ्या आकड्यांप्रमाणेच जू तासलंत. पोराचं मन मोडवलं नसेल तुम्हाला.

पटाच्या दिवशी जोडी सुटते, आणि अर्ध्या वाटेत डावा बैल कुणाच्या तरी कडब्याकडे वळतो. उजवा धावतोच आहे. जू मधोमध मोडलं. उजवा एकटाच शेवटपर्यंत पोचला, डाव्याला कडबा मिळाला आणि गाडी हाकणारा धुरकरी बाभळीत सापडला.

जोडीचा मालक दोन काखांत जुवाचे दोन तुकडे घेऊन आपल्या दुकानात आला. तालुक्यात तुमच्या हाताला तोड नाही असं समजत होतो, म्हणाला, चारचौघांत. मी वही घेऊन तिथंच उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्या हातानं चुकलं. दुसरं देतो घडून," म्हणालात. त्यानं ते घेतलं नाही, आणि पुढं पटाचं जू करायला तुमच्याकडे कुणीच आलं नाही. जेवताना तुम्ही एवढंच बोललात, "एखादा बैल अडला तं काय, हेबी धरत जाय."

बाबा, त्या एका वाक्यावर माझी कॉलेजातली शिकवायची नोकरी आयुष्यभर निभावली. जेवढे भार धरले, तेवढ्यांपुरताच आकार सर्वोत्तम, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. आज तुम्ही असतात तरी हे पत्र पेटीत टाकायची माझी हिंमत झाली नसती. कारण वर्गात मी जुवाची गोष्ट दरवर्षी सांगायचो, पोरं पोट धरून हसायची, आणि त्या गोष्टीत चुकणारा सुतार तुम्ही असायचात, त्याला आधीच सावध करणारा मुलगा मी.