मांजराच्या झोळीचा अर्ज

४ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनी हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या भावाचं पोट सुटल्याची बातमी तू इतक्या कौतुकाने कळवली आहेस, की घरात पाळणा हलला की काय असं क्षणभर वाटलं. इकडे यांची तब्येत खूपच सुधारली. उजवा हात अजून हट्ट करतो, पण चालणं-बोलणं पूर्वीसारखं. बोलणं तर जरा जास्तच.

आता कामाचं. मांजराला गोळी द्यायची माझी झोळी आठवते ना? दवाखान्यात मांजर आलं की एकाने धरायचं, दुसऱ्याने जबडा उघडायचा आणि तिसऱ्याने दोघांच्या ओरबाड्यांना औषध लावायचं, या तमाशाला कंटाळून मी ती शिवली होती. मांजर आत निवांत बसतं, डोकं तेवढं बाहेर, आणि एकटा माणूस गोळी देऊ शकतो. तिच्या पेटंटसाठी अर्जही केला होता.

काल जनावरांच्या दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या एक कारखानदारबाई आल्या. त्यांना झोळी फार आवडली. अर्ज चालू असेल तर बनवायला घेते म्हणाल्या. मी ऐटीत पेटंट कार्यालयातली नोंद काढून दाखवायला गेले, तर अर्जापुढे शेरा, ‘सोडून दिलेला’! अगं, मी कधी सोडला? चौकशीत कळलं, की तिथल्या तपासनिसाने हरकत घेतली होती आणि ते पत्र माझ्या जुन्या दवाखान्याच्या पत्त्यावर गेलं. तिथे आता केस कापण्याचं दुकान आहे. पत्राचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही. उत्तराची मुदत टळली आणि अर्ज बारगळला. बाईंसमोर माझं तोंड एवढंसं झालं.

तू पेटंटच्या वकीलबाईंकडे काम करतेस म्हणून विचारते. मेलेला अर्ज उठवता येतो का गं?

लोभ ठेव, आणि भावाला रोज चालायला लाव.
तुझी नणंद

११ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचा अर्ज मेलेला नाही, नुसता बेशुद्ध आहे. जनावरांच्या डॉक्टरांना एवढाही फरक कळू नये?

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्ज पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते. तपासनिसाच्या हरकतीला द्यायचं राहिलेलं उत्तर सोबत जोडायचं, शुल्क भरायचं, आणि उशीर जाणूनबुजून केला नाही हे कारणांसकट लिहून द्यायचं. मात्र कळल्यानंतर आता चालढकल नको.

हरकत मी काढून वाचली. तपासनीस म्हणतात, वासरांना औषध पाजण्याची अशी पिशवी फार पूर्वीच कुणीतरी केली आहे. वासरू कुठे, मांजर कुठे! वासराने कधी कुणाचा पडदा फाडलाय? पण वकीलबाई म्हणाल्या की असली उत्तरं चालत नाहीत. तुमच्या झोळीत नेमकं वेगळं काय, ते लिहा. आणि उशीर का झाला, तेही सविस्तर.

तुमचे बंधुराज स्वतः झोळीत बसून दाखवायला तयार आहेत. तेवढा मोठा आकार नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.
तुमची भावजय

१९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनी हिस अ. उ. आ.

हरकतीचं उत्तर सोबत आहे. वासराची पिशवी दोरीने आवळतात. ते घाबरलं तर गाठ सोडेपर्यंत जीव टांगणीला. माझी झोळी बाजूची पट्टी ओढली की एका झटक्यात पूर्ण उघडते. घाबरलेल्या मांजराला वाट मोकळी हवी, नाहीतर ते स्वतःला इजा करून घेतं. सगळी गंमत त्या पट्टीत आहे.

उशिराचं कारण मात्र मी एवढंच लिहिलंय, की दवाखान्याची जागा बदलली आणि पत्ता कळवायचा राहिला. खरं कारण तुला माहीत आहे. यांना अर्धांगाचा झटका आला, मी जुना दवाखाना आवरून घरातल्या पुढच्या खोलीत आणला, आणि त्या दिवसांत मला वार कोणता हेही सुचत नव्हतं. पण हे लिहायचं नाही. यांच्या कानावर गेलं तर आपल्यामुळे हिचं काम बुडालं असं मनाला लावून घेतील. आता कुठे हसायला लागलेत. तेवढं माझं ऐक.

तुझीच
नणंद

२५ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

ऐकणार नाही. रागवा हवं तर.

वकीलबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे. पत्ता का कळवला नाही, हा प्रश्न येणारच. कागदावर सही तुमची असणार, तेव्हा अर्धं सांगून अर्धं झाकायचं नाही. आणि माझं विचाराल, तर भावोजी काचेचे नाहीत. तुम्ही घाबरलेल्या मांजराला वाट मोकळी ठेवता आणि नवऱ्याला मात्र कापसात गुंडाळून ठेवता, हा कुठला न्याय? त्यांना सांगा. नंतर बाहेरून कळलं तर जास्त लागेल.

लहान तोंडी मोठा घास घेतला. आल्यावर कान धरा, पण कागद लवकर पाठवा.
तुमची आगाऊ भावजय

३ मार्च

चि. सौ. वहिनी हिस आशीर्वाद.

सांगितलं. चहा पिताना, धीर करून. यांनी कप खाली ठेवला. मग माझ्यावर असे उखडले, की मी बघतच राहिले! आजारपणामुळे अर्ज बारगळला याचं वाईट वाटलं नाही. मी इतके दिवस लपवलं याचा राग आला. बायको आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवते, हे आजारापेक्षा वाईट, असं म्हणाले. मला रडू आलं, मग यांनाही, आणि शेवटी दोघंही हसलो.

नंतर स्वतःच कारण सांगायला बसले. रोगी अत्यंत त्रासदायक होता, सारखा हाका मारायचा, औषधाला मांजरापेक्षा जास्त तोंड फिरवायचा, हे सगळं घाल म्हणाले. मी ‘पतीच्या गंभीर आजारपणामुळे’ एवढंच लिहिलं. डॉक्टरांचा दाखला यांनीच शोधून दिला. सही करून पाठवते आहे.

तू आगाऊच आहेस. तशीच राहा.
तुझी नणंद

३० मे

चि. सौ. वहिनी हिस अनेकानेक आशीर्वाद, वि. वि.

विनंती मान्य झाली! अर्ज पुन्हा चालू झाल्याचं पत्र आलं, आणि यांनी ते शेजारच्या शिंपीणबाईंनाही वाचून दाखवलं. कारखानदारबाई नमुन्याच्या झोळ्या मागताहेत. दुपारभर मी शिवते आणि हे डाव्या हाताने पट्ट्या कापतात. वाकड्या कापतात, पण बोलायची सोय नाही.

आज तपासनिसाचं आणखी एक पत्र आलं. नवी शंका. पट्टी ओढल्यावर झोळी पूर्ण उघडते म्हणजे नेमकी कुठपर्यंत, ते स्पष्ट करा म्हणे. पूर्वीची मी असते तर कपाळाला हात लावला असता. आज पाकीट उघडून आम्ही दोघं टाळ्या पिटायला लागलो. अगं, शंका विचारताहेत, म्हणजे अर्जात धुगधुगी आहे! पेटंट मिळेल की नाही ते पुढचं पुढे.

उत्तरावरून सकाळपासून आमचं भांडण चाललंय. हे म्हणतात शेपटीपर्यंत लिही, मी म्हणते कमरेपर्यंत पुरे. मांजर टेबलावर बसून दोघांकडे बघतंय. वकीलबाईंना विचारून लगेच कळव, नाहीतर आज या घरात कुणी कुणाला जेवायला वाढणार नाही.

तुझी, आणि तुझ्या भावोजींची भांडकुदळ बायको