हिरवा दिवा, रिकाम्या डिस्क

रविवार, संध्याकाळ. गारखेडा.

फोटो-व्हिडिओ साठवायच्या घरच्या डब्याला कंपनीनं अपडेट देणं बंद केलं, म्हणून आज त्यातलं मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं. त्याआधी बायकोनं, मेधानं, विचारलं होतं, "माझ्या आईचे व्हिडिओ त्यातच आहेत. कॉपी काढली ना?" मी हो म्हणालो. का म्हणालो? काढली नव्हती.

आता डब्यावरचा दिवा हिरवा आहे, पण लॅपटॉपवर त्यातल्या दोन्ही डिस्क रिकाम्या दिसतायत. सगळं पुसून फॉरमॅट करू का, असं डबा विचारतोय. मी हात लावलेला नाही. दिवा मात्र हिरवाच.

आतून मेधा भावाशी फोनवर बोलताना ऐकू आली, "उद्या वर्षश्राद्धाला लवकर ये. लई दिवस झाले रे आईचा आवाज ऐकून." मग मला हाक, "अहो, उद्या लावायचे आईचे व्हिडिओ आत्ताच टीव्हीला लावून बघा ना."